बोट सुटण्याआधीची दहा मिनिटं: धरणकाठच्या पोलिसांची नौकाविहाराच्या सुरक्षेची कामं

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात उलटली. वादळी वारा अचानक सुटला होता. बोटीतला एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला, बाकीचे सहा जण बुडाले. त्या बातमीनंतर धरणकाठी काम करणाऱ्या आम्हा लोकांच्या बोलण्यात एकच प्रश्न यायचा: हवा बिघडत असताना ती बोट काठावरून सुटलीच कशी?

मी पोलीस खात्यात होतो. नोकरीतली बरीच वर्षं पुणे जिल्ह्यात धरणकाठच्या ठाण्यांत गेली. बुडालेल्यांना बाहेर काढताना, पंचनामे लिहिताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. बोटीच्या अपघातात पोलिसाला खरोखर काही करता येतं ते बोट सुटण्याआधीच्या दहा मिनिटांत, धक्क्यावर उभं राहून. बोट उलटल्यावर आपल्या हाती बहुतेक वेळा शोध आणि कागदच उरतात. म्हणून या लेखात काठावरच्या कामाला जास्त जागा दिली आहे. बीट अंमलदार (ठाण्याच्या हद्दीतला एक भाग, म्हणजे बीट, सांभाळणारा पोलीस), ठाणे अंमलदार आणि पोलीस पाटील डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. सुट्टीत पानशेत-पवनेला जाणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, म्हणजे पोलिसानं बोट का थांबवली ते कळेल.

पाणी एकाचं, बोट दुसऱ्याची, जीव सगळ्यांचे

सुरुवातीला गोंधळ होतो तो अधिकाराचा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, उजनी ही धरणं जलसंपदा विभागाची, मुळशीचं धरण टाटांच्या वीज कंपनीचं. काठावरची जमीन कुठे सरकारी, कुठे खासगी बंगल्याची, तर कुठे गावठाणाला लागून. इंजिनावर चालणाऱ्या बोटींना अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ लागू होतो. जुना १९१७ चा कायदा जाऊन त्या जागी हा आला. नदी, कालवा, तलाव सगळं त्यात धरलेलं आहे. या कायद्यानं नोंदणी, तपासणीचा दाखला, चालकाचं प्रमाणपत्र आणि विमा, चारही लागतात, आणि नोंदणी क्रमांक बोटीवर ठळक दिसावा लागतो. आपल्या राज्यात नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. वल्ह्याच्या बोटींची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पातळीवर व्हावी, अशीही या कायद्यात तरतूद आहे. जलक्रीडेचा धंदा करायचा तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी बंदीचे आदेश काढतात जिल्हाधिकारी.

इतकी खाती ऐकल्यावर ठाण्यातलं कुणीही म्हणेल, ‘मग यात आपलं काय?’ मीही म्हणालो होतो. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २८४ एकदा नीट वाचा. भाडं घेऊन पाण्यातून माणसं नेणारा, बोट नादुरुस्त असताना किंवा जिवाला धोका होईल इतकी भरलेली असताना, जाणूनबुजून किंवा हयगयीनं नेत असेल तर तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम २८२ बोट बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे हाकण्याबद्दल आहे. तिथे कैद तितकीच, दंड दहा हजारांपर्यंत. हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत. आणि दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून आपल्याकडून होईल तितकं करणं हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ नं प्रत्येक पोलिसाचं कर्तव्यच ठरवलेलं आहे. त्यात ‘करील तर बरं’ अशी भाषा नाही. कलम १७२ प्रमाणे या कामासाठी दिलेल्या कायदेशीर सूचना पाळणं लोकांना बंधनकारक आहे. न पाळणाऱ्याला तिथून दूर करता येतं किंवा ताब्यात घेता येतं.

म्हणजे नोंदणी सागरी मंडळाची, पाणी जलसंपदाचं, पण जास्त भरलेली बोट धक्क्यावर थांबवायचं काम त्या दिवशी तिथे हजर असलेल्या पोलिसाचं. त्यासाठी कुणाच्या पत्राची वाट बघायची गरज नाही.

शहरातल्या ठाण्यांना हा विषय ग्रामीणचा वाटतो. पण पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाजवळ रॉयल कनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे आणि सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या मुलांची रेगाटा, म्हणजे नौकांचा उत्सव, १९२८ पासून होते. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की संगमाजवळचं पात्र फुगतं. विसर्गाची सूचना आली की नदीकाठच्या वस्त्यांबरोबर बोट क्लबांनाही फोन करायचा, हे ठाण्याच्या यादीत लिहून ठेवा.

हंगामाआधी: बोटींची वही

आपल्याकडे बोटींची गर्दी दोनदा होते. पहिली दिवाळीपासून थंडीभर. तेव्हा उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी बघायला लोक येतात आणि मासेमारीच्याच होड्या पर्यटकांना फिरवतात. दुसरी एप्रिल-मे. ठाण्याची तयारी ऑक्टोबरात व्हायला हवी.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. बीटमध्ये जिथून जिथून बोट सुटते त्या प्रत्येक जागेला एक पान. धक्का म्हटलं की लोकांना सिमेंटची पायरी डोळ्यांसमोर येते. खरं तर बंगल्यामागचा उतार, ढाब्याशेजारची चिखलाची जागा, तंबूंच्या छावणीची किनार, हे सगळे धक्केच. त्या प्रत्येक पानावर बोटी किती, इंजिनाच्या किती, वल्ह्याच्या किती, मालक कोण, बोट प्रत्यक्षात चालवतो कोण, त्याला पोहता येतं का, आणि जवळच्या पक्क्या रस्त्यापर्यंत रुग्णवाहिका किती आत येऊ शकते, हे लिहा. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. पवनाकाठी काही ठिकाणी गाडी पाण्यापासून बरीच अलीकडे थांबते आणि पुढे बेशुद्ध माणूस झोळीतून आणावा लागतो.

ही वही भरायला पोलीस पाटलांना बरोबर घ्या. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नं त्यांना गावातली खबर ठाण्याला देण्याचं काम दिलेलंच आहे. कुणाच्या घरी नवी बोट आली, कुणी जुन्या होडीला इंजिन बसवलं, हे त्यांना आपल्याआधी कळतं. पाटलांशी बोलताना ‘तुमच्या गावात बेकायदा काय चालतं’ असं विचारू नका. ‘पाटील, मागच्या उन्हाळ्यात तुमच्या बाजूला किती बोटी होत्या, यंदा किती आहेत?’ असं विचारा. माहिती आपोआप येते.

वही भरून झाली की ज्या बोटींवर नोंदणी क्रमांक नाही त्यांची यादी सागरी मंडळाला आणि तहसीलदारांना पाठवा, आणि जावक क्रमांक वहीत लिहून ठेवा. पुढे कधी अपघात झाला तर हे एक पत्र फार मोलाचं ठरतं. मालकांनाही लेखी समज द्या आणि पोच घ्या.

पाण्याची पातळी उतरते तेव्हा आणखी एक काम निघतं. उजनीत पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाण्यातून वर येतं, पवनेत वाघेश्वराचं मंदिर वर येतं. पूर्ण उघडं पडण्याआधी काही आठवडे अशा जागा पाण्याच्या जेमतेम खाली असतात. इंजिनाचा पाण्याखालचा पंखा तिथे आपटतो, बोट अडकते, घाबरून लोक एका बाजूला सरकतात. जुन्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे कुठे आहेत ते मासेमारी करणाऱ्या माणसाला पाठ असतं. त्याला बोटीत बसवून एकदा फिरा आणि त्या जागांवर रिकामे डबे दोरीनं बांधून तरंगते ठेवायला मालकांना सांगा.

धक्क्यावर

शनिवार-रविवारी, सुट्टीला, जत्रेच्या दिवशी धक्क्यावर दोघं तरी हवेत. एक बोटीकडे बघेल, दुसरा रांगेकडे. रांगेतून येणारा दबाव मोठा असतो. ‘साहेब, एकच फेरी’, ‘आम्ही लांबून आलोय’, ‘लहान मूल मांडीवर बसेल की’. हे सगळं ऐकून घेणारा माणूस वेगळा ठेवला की बोट तपासणाऱ्याचं लक्ष विचलित होत नाही.

आधी माणसं मोजा. बोटीत बसल्यावर नाही, बसण्याआधी. बोटीवर किती जणांची परवानगी आहे तो आकडा रंगवलेला असायला हवा. तो चालकासकट आहे की चालक सोडून, हे विचारून वहीत लिहा. मांडीवरचं मूल हे एक माणूस, सव्वा वर्षाचं असलं तरी. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्या मुलांच्या अंगावर जॅकेटं नव्हती. शाळेची सहल धक्क्यावर दिसली की मी वहीत बोटीनिहाय मुलांचे आकडे आणि बरोबरच्या शिक्षकांची नावं उतरवून घ्यायचो. पाच मिनिटं जातात, पण शिक्षकही त्यामुळे सावध होतात.

माणसं बसली की बोटीची कड पाण्यापासून किती वर राहिली ते बघा. लहान बोट असेल तर उजव्या हाताची वीत कडेवर उभी लावून पाणी कुठवर येतं ते पाहायची माझी सवय होती. हे काही नियमातलं माप नव्हे. पण सकाळी रिकामी आणि दुपारी भरलेली बोट यांतला फरक वीत लावली की पटकन कळतो, आणि मालकालाही दाखवता येतो. स्थिर पाण्यातच कड खाली गेली असेल, तर वाऱ्यात ती पाणी घेणार.

आता लाइफ जॅकेट. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. एका जलाशयावर एकदा मी जॅकेटं दाखवा म्हटलं. चालकानं शेडकडे बोट दाखवलं. शेडला कुलूप, किल्ली मालकाकडे, मालक लग्नाला गेलेला. किल्ली यायला दीड तास लागला. तोपर्यंत बोटी बंद ठेवल्या म्हणून लोक माझ्यावर चिडले. शेड उघडली तेव्हा आत बावीस जॅकेटं निघाली. त्यांतल्या नऊंची बक्कलं तुटलेली होती, चारांचा फोम दाबला की पापडासारखा कुडकुडत होता. काही जॅकेटांना उंदरांनी आतून पोखरलं होतं. वरून मात्र ती नवीकोरी केशरी दिसत होती.

म्हणून जॅकेट हातात घ्या. बक्कल लावून ओढा. पट्टा शिवणीपाशी जोरात ताणा. फोम दाबून सोडला की तो परत फुगला पाहिजे. शंका आली तर एक जॅकेट दगड बांधून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायला सांगा आणि मग उचला. पाणी पिऊन जड झालेलं जॅकेट माणसाला वर धरत नाही. जॅकेटच्या आत शिवलेल्या पट्टीवर किती किलोच्या माणसासाठी ते आहे हे छापलेलं असतं. पट्टीच नसेल तर ते जॅकेट बाजूला काढा. शिट्टी आणि चकाकणारी पट्टी असेल तर उत्तम.

मुलांसाठी एक तपासणी प्रत्येक वेळी करा. मुलाला जॅकेट घालून, सगळी बक्कलं लावून झाली की दोन्ही खांद्यांपाशी जॅकेट धरून त्याला हलकेच वर उचला. जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं, हनुवटी आत गेली, तर पाण्यात पडल्यावर जॅकेट तरंगेल आणि मूल त्यातून खाली निसटेल. मी हे पहिल्यांदा एका सहा वर्षांच्या मुलीवर करून पाहिलं तेव्हा ती खरंच जॅकेटमधून खाली घसरली आणि वाळूवर बसली. तिची आई हसता हसता एकदम गप्प झाली. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेली लहान जॅकेटं मिळतात. मालकाकडे ती नसतील तर मुलं बोटीत बसणार नाहीत, इतकं सरळ सांगायचं.

‘घालतो साहेब, आत गेल्यावर’ हे वाक्य मानायचं नाही. सीटखाली ठेवलेलं जॅकेट म्हणजे जॅकेट नाही. बोट उलटायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात कुणी बक्कलं लावत नाही. चालकाच्याही अंगावर जॅकेट हवं. त्याला पोहता येतं हे खरं, पण डोक्याला मार लागला तर पोहणं उपयोगी पडत नाही, आणि चालकानं घातलं की पर्यटक वाद घालत नाहीत.

चालकाकडे वळा. प्रमाणपत्र बघा आणि त्याच्याशी दोन मिनिटं बोला. इंजिन बंद पडलं तर काय करशील, कुणी पाण्यात पडलं तर पहिलं काय करशील, हे विचारा. पाण्यात माणूस पडला की आधी पंखा थांबवायचा, हे उत्तर त्याच्या तोंडून आलं पाहिजे. वेगाच्या बोटींवर आणि जेट स्कीवर चालकाच्या मनगटाला बांधायची दोरी असते, ती सुटली की इंजिन बंद होतं. बहुतेक ठिकाणी ती दोरी हँडललाच गुंडाळून ठेवलेली दिसते. ती मनगटावर येईपर्यंत बोट सोडू नका. बोटीत वल्हं, लांब दोर, तरंगती रिंग आणि पाणी उपसायला डबा आहे का ते बघा. एवढं झालं की वहीत वेळ, बोट, माणसं लिहा आणि जाऊ द्या. परत आल्यावर तितकीच माणसं उतरली का तेही मोजा.

पोहणारे आणि बोटी यांची जागा वेगळी हवी. पर्यटक धक्क्याशेजारीच पाण्यात उतरतात आणि पंखा त्यांना दिसत नाही. दोरीवर डबे बांधून ओढलेली एक रेघ पुरते.

वारा आणि वीज

आपल्याकडे दुर्घटना बऱ्याचदा वळवाच्या दिवसांत होतात. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत पाणी आरशासारखं असतं. मग हवा एकदम कोंदट होते, ढग काळवंडतात, आणि थंड वाऱ्याचा पहिला झोत आला की दहा-पंधरा मिनिटांत उजनीसारख्या पसरट पाण्यावर लाटा उभ्या राहतात. सपाट तळाची होडी अशा लाटांसाठी केलेलीच नसते.

रोज सकाळी पुण्याच्या हवामान खात्याचा, म्हणजे आपल्या शिमला ऑफिसचा, जिल्ह्याचा इशारा बघा आणि धक्क्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास कुठे वीज पडते आहे ते दाखवतं. ते प्रत्येक चालकाच्या मोबाइलमध्ये घालून द्या. काठावरचा नियम मात्र अ‍ॅपशिवायचा असावा: गडगडाट ऐकू आला की सगळ्या बोटी काठाला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी पाण्यात जायचं नाही. परत बोलावण्याची खूण आधी ठरवा. लाल झेंडा आणि गाडीचा सायरन पुरतो. लांबच्या बोटीला मोबाइल लागत नाही, आणि लागला तरी इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही.

दारू आणि रात्र

पवनाकाठी तंबूंच्या छावण्या वाढल्यापासून धोक्याची वेळ सरकली आहे. शनिवारची रात्र आणि रविवारची पहाट. मद्य घेतलेली तरुण मुलं छावणीची किंवा बंगल्याची वल्ह्याची बोट सोडतात आणि मध्यावर जाऊन उभी राहतात. चालक नाही, जॅकेट नाही, काठ अंधारात दिसत नाही.

यावर गस्तीपेक्षा कुलूप जास्त उपयोगी पडतं, हा माझा अनुभव. सूर्य मावळला की बोट साखळीनं बांधून कुलूप आणि वल्ही आत, हे प्रत्येक छावणीवाल्याकडून लेखी घ्या. रात्रीच्या गस्तीवरच्या गाडीनं फक्त साखळी बघायची. साखळी सुटलेली दिसली तर मालकाला उठवायचं. भाड्याच्या बोटीचा चालक प्यायलेला आढळला तर त्याला लगेच उतरवा, कलम २८२ खाली कारवाई करा आणि वैद्यकीय तपासणीला न्या. प्रवासी प्यायलेले असतील तर त्यांना बोटीत घेऊ नये, हे चालकाला सांगा आणि त्याच्या पाठीशी उभे राहा. चालक गावातला गरीब माणूस असतो. मोठ्या गाडीतून आलेल्या टोळक्याला नाही म्हणायची ताकद त्याला आपल्या वर्दीतून मिळते.

थांबवायची वेळ आली तर

आवाज न चढवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं कारण सांगा: ‘दादा, बोट आठ जणांची आहे, तुम्ही अकरा आहात. तिघं पुढच्या फेरीत.’ कारण ऐकलं की रांगेतले बाकीचे लोकच मदतीला येतात. मालक ऐकत नसेल तर गुन्हा दाखल करा आणि बोट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली जप्त करा. जप्तीचं चित्रीकरण त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे ‘ई-साक्ष्य’ या पोलिसांच्या अ‍ॅपवर करा. बोट जप्त करणं जड वाटत असेल तर इंजिनाची किल्ली आणि वल्ही जप्त करूनही त्या दिवसाचा धोका टळतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या बंदी आदेशाचा भंग असेल तर न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. आदेशाची प्रत धक्क्यावर लावल्याचा फोटो असू द्या, म्हणजे ‘माहीत नव्हतं’ हा बचाव राहत नाही.

फोन आला तर

११२ वरून किंवा पाटलांकडून खबर आली की ठाणे अंमलदारानं एकाच वेळी पाच फोन करायचे असतात: १०८, जवळचं अग्निशमन केंद्र, तहसीलदार किंवा जिल्हा नियंत्रण कक्ष, त्या धक्क्यावरचे बोटमालक, आणि स्थानिक बचाव पथक. लोणावळ्याकडे शिवदुर्ग मित्रच्या मुलांनी अशा कामात नाव कमावलेलं आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, पण तिला जिल्हा प्रशासनामार्फत बोलवावं लागतं. म्हणून तहसीलदारांचा फोन ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका.

काठावर पोहोचलेल्या पहिल्या पोलिसानं बूट आणि पट्टा काढून उडी मारू नये. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला घट्ट पकडतो आणि दोघंही जातात. आधी काठी किंवा ओढणी पुढे करा, मग दोर आणि तरंगतं काही फेका, रिकामा पाच लिटरचा कॅनही चालतो, मग बोट घेऊन जा. पोहत जाणं सगळ्यात शेवटी, आणि तेही जॅकेट घालून. उलटलेल्या बोटीला धरून असलेल्यांना ओरडून सांगा: बोट सोडू नका, काठाकडे पोहू नका.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला पायांना धरून उलटा लटकवणं, फिरवणं, पोट दाबणं हे सगळं थांबवा. गावाकडे अजून ते करतात आणि त्यात वेळ जातो. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करून आधी पाच वेळा तोंडानं श्वास द्या, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, असं रुग्णवाहिका येईपर्यंत करत राहा. ठाण्यातल्या प्रत्येक अंमलदारानं हे पुतळ्यावर एकदा तरी केलेलं असावं. ग्रामीण रुग्णालय विनंती केली तर शिकवतं.

कुणी सापडत नसेल तर पहिल्या पाच मिनिटांतली एक गोष्ट पुढचे दोन दिवस वाचवते. ज्यानं माणसाला बुडताना पाहिलं त्याला त्याच जागी, त्याच दगडावर परत उभं करा. ‘कुठे दिसला शेवटचा?’ असं विचारा आणि त्याच्या बोटाच्या रेषेत पलीकडच्या काठावरची खूण घ्या, एखादं झाड, मंदिराचा कळस, विजेचा खांब. दुसरा साक्षीदार वेगळ्या जागेवरून पाहत असेल तर त्याचीही रेषा घ्या. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बोट नेऊन दगड बांधलेला डबा टाका आणि मोबाइलवर त्या जागेची नोंद करा. धरणाच्या संथ पाण्यात माणूस बहुधा बुडाला त्या जागेच्या आसपासच तळाला जातो. एकदा ही खूण राहिली नव्हती. संध्याकाळपर्यंत साक्षीदार गावी निघून गेला आणि पाणबुडे दोन दिवस भलत्याच ठिकाणी शोधत राहिले.

जलसंपदाच्या शाखा अभियंत्याला कळवून विसर्ग सुरू आहे का ते विचारा. दरवाज्याजवळ किंवा वीजगृहाच्या तोंडाजवळ शोध असेल तर विसर्ग थांबवल्याशिवाय कुणाला पाण्यात उतरवू नका.

गुन्हा की अकस्मात मृत्यू

माणूस गेला की अकस्मात मृत्यूची नोंद होते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पंचनामा होतो आणि अहवाल २४ तासांत दंडाधिकाऱ्याकडे जावा लागतो. बऱ्याच प्रकरणांत काम तिथेच थांबतं, आणि ते थांबता कामा नये. बोट भाड्याची होती का, क्षमता किती, माणसं किती, जॅकेटं अंगावर होती का, हवेचा इशारा होता का, चालक कोण, हे प्रश्न त्याच दिवशी विचारा. उत्तरांत निष्काळजीपणा दिसला तर न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होतो, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धोका ठाऊक असूनही बोट सोडल्याचा पुरावा असेल तर त्याच संहितेच्या कलम १०५ चा, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा, विचार वरिष्ठांशी बोलून करा. आधी दिलेल्या लेखी समजेची पोच इथे कामाला येते.

पुरावा पाण्यात वाहून जातो. म्हणून बोट बाहेर काढल्याबरोबर इंजिनाचा क्रमांक, बोटीची कड, तळाला जुनी गळती बुजवल्याच्या खुणा, आत सापडलेली आणि काठावर राहिलेली जॅकेटं, या सगळ्यांचे फोटो घ्या. तिकिटांचं पुस्तक आणि ऑनलाइन पैसे घेतल्याच्या नोंदी जप्त करा. किती माणसं होती हे त्यातून कळतं. वाचलेल्यांचे जबाब एकेकट्याचे घ्या, तेही कोरडे कपडे आणि चहा दिल्यावर. अपघाताची खबर नजीकच्या ठाण्याला देणं हे बोटचालकाचंही कायदेशीर कर्तव्य आहे. तो पळून गेला असेल तर तेही नोंदवा.

काठावर बसलेली माणसं

शोध चालू असताना नातेवाईक काठावर येतात. त्यांच्यासाठी एक पोलीस पूर्णवेळ नेमा, शक्यतो महिला अंमलदार, आणि तिला दुसरं काही काम देऊ नका. तिनं दर तासाला त्यांना सांगायचं की आता कोण पाण्यात आहे, किती भाग शोधून झाला, अंधार पडल्यावर काम थांबलं तर सकाळी किती वाजता सुरू होईल. ‘सापडेल हो लवकर’ असं सांगू नये. मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांना मागे हटवा. जवळच्या घरातून सतरंजी आणि पाणी मागवा. मृतदेह काढताना घरातल्या एका मोठ्या माणसाला बाजूला घेऊन आधी सांगा, आणि ओळख पटवायला लहान मुलांना किंवा आईला पुढे करू नका. शवविच्छेदन कुठे आहे, तिथे किती वेळ लागेल, देह घरी न्यायला गाडी कुणाची, हे त्यांना चिठ्ठीवर लिहून द्या, कारण त्या वेळी सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही. चिठ्ठीच्या खाली आपलं नाव आणि ठाण्याचा फोन लिहा.